‘अस्सल’ फ्लामेंको कुठे बघायचा? आधी गाणाऱ्याजवळची खुर्ची धरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तुम्ही, पत्नी आणि एकाहत्तर वर्षांच्या आई असे तिघे स्पेनला निघाला आहात. माद्रिदला तीन रात्री, ग्रानादाला दोन, सेव्हिलला चार. त्यातली एक संध्याकाळ फ्लामेंकोसाठी, म्हणजे दक्षिण स्पेनच्या गाणं-गिटार-नाचाच्या कलेसाठी, राखून ठेवली आहे. लहान जागेतला, ‘अस्सल’ हवा. बस भरभरून आणलेल्या पर्यटकांना जेवण वाढत दाखवतात तसला नको. तो कुठल्या शहरात बघावा, तिथे टाळ्या वाजवायच्या का, स्पॅनिश येत नाही तर काय कळणार, आणि आईंना झेपेल का.

मी तबलजी. पुण्यात कथकच्या क्लासला साथ करता करता २००९ साली पाल्मास, म्हणजे फ्लामेंकोतल्या टाळ्या, शिकायला दक्षिण स्पेनमधल्या हेरेस गावी गेलो आणि तेव्हापासून जवळजवळ दर वर्षी जातो. बरोबर ओळखीतली चार-सहा माणसं असतात, आणि संध्याकाळी त्यांना कुठे न्यायचं हे कोडं मलाच सोडवावं लागतं. त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

आधी त्या ‘अस्सल’ शब्दाचं बघू, कारण सगळी गडबड तिथे होते. गितानो, म्हणजे स्पेनमधल्या जिप्सी, कुटुंबांच्या लग्नात, बारशात, मध्यरात्रीनंतर स्वयंपाकघरात जे गाणं होतं त्याचं तिकीट मिळत नाही. तिथे तुम्हाला कुणी बोलावलं तर नशीब समजा. तिकिटावर मिळणारा फ्लामेंको मात्र पहिल्यापासून तिकिटावरच मिळतो. एकोणिसाव्या शतकात सेव्हिलमध्ये ‘काफे कांतांते’ निघाले, म्हणजे गाण्याचे कॅफे. सिल्व्हेरिओ फ्रांकोनेत्ती हा त्या काळचा मोठा गायक, त्यानं स्वतःच असा कॅफे चालवला. पैसे मोजणाऱ्या अनोळखी माणसांसमोरच ही कला आज आपण ओळखतो त्या घाटाला आली.

आणि ‘खरं गाणं संपत चाललंय’ ही ओरडही जुनीच. १९२२ च्या जूनमध्ये संगीतकार मानुएल दे फाय्या आणि कवी लोर्का यांनी ग्रानादाच्या आलहांब्रा या जुन्या राजवाड्यात खास जुन्या गाण्याची स्पर्धा भरवली ती याच काळजीपोटी. धंदेवाईक कलाकारांना मज्जाव होता. तिथे बक्षीस मिळवणाऱ्यांत एक होता म्हातारा, आणि दुसरा जेमतेम बारा वर्षांचा पोरगा, मानोलो काराकोल. याच काराकोलनं पुढे मोठमोठे रंगमंच गाजवले आणि १९६३ मध्ये माद्रिदला स्वतःचा ताब्लाव, म्हणजे खात-पीत फ्लामेंको बघायची जागा, काढला. शुद्धतेच्या पहारेकऱ्यांनी निवडलेला मुलगा शेवटी त्याच धंद्यात गेला, ज्याला आज आपण ‘टुरिस्टी’ म्हणून नाक मुरडतो.

म्हणून तुमचा प्रश्न मी थोडा बदलून घेतो. पर्यटकांसाठीचा की स्थानिकांसाठीचा हे सोडून द्या. गाणाऱ्यापासून तुम्ही किती अंतरावर बसणार, आणि मध्ये माइक, काटे-चमचे आणि खांब किती असणार, एवढंच विचारा. बैठकीची लावणी आणि फडावरची लावणी यांतला फरक तुम्हाला सांगायला नको. बाई तीच असेल, लावणीही तीच असेल, पण दिवाणखान्यात दहा हातांवर बसून ऐकताना तिच्या अदाकारीचं जे पोहोचतं ते तंबूच्या मागच्या रांगेत नाही पोहोचत.

हे मी माझ्या खिशातून पैसे घालवून शिकलो. पहिल्याच वर्षी माद्रिदमध्ये एका मोठ्या जेवणवाल्या शोला गेलो होतो. खांबामागची खुर्ची, पायांनाही माइक, आणि गायक आर्त स्वरात काहीतरी सांगत असताना शेजारच्या टेबलावर ‘आइस्क्रीम कुणाचं?’ म्हणून विचारणा. बाहेर पडलो तेव्हा गायकाचा चेहरासुद्धा आठवत नव्हता. पुढच्या वर्षी सेव्हिलच्या एका साठ-सत्तर खुर्च्यांच्या अंगणात एकाला ऐकलं आणि अंगावर काटा आला. नंतर बोलता बोलता कळलं की माद्रिदला त्या रात्री गाणारा तोच. कलाकार फिरते असतात. आज इथे, उद्या तिथे.

आता जागा. तुमच्या मार्गात चार प्रकार येतात.

माद्रिदचे ताब्लाव. ‘ताब्ला’ म्हणजे फळी. फळ्यांचा मंच म्हणून हे नाव. कलाकार इथे तयारीचे असतात, कारण राजधानीत सगळे येतात. १९५६ पासून चालू असलेला कोर्राल दे ला मोरेरिया त्यांतला सगळ्यात नावाजलेला. जेवणवाला शो नको या माझ्या नियमाला तोच एक अपवाद, कारण त्याच्या स्वयंपाकघराला मिशलिनचा तारा आहे. पण खिसा रिकामा होतो, आणि शाकाहारी आईंसाठी तेवढे पैसे मोजण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

ग्रानादातल्या साक्रोमोंतेच्या गुहा. डोंगरात खोदलेली पांढरी घरं, भिंतींवर तांब्याची भांडी, दोन्ही भिंतींना लागून खुर्च्यांची एकेक रांग आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात नाच. इथल्या प्रकाराला ‘सांब्रा’ म्हणतात; गितानो लग्नांतले नाच हे त्याचं मूळ. नाचणारीचा घोळ तुमच्या गुडघ्यांना घासून जातो इतकं ते जवळ. जागा म्हणून विलक्षण आहे, समोर आलहांब्रा. पण दिवस बघून नशीब. काही रात्री घरंदाज, काही रात्री घाईघाईत उरकलेला. तीन खेळ ओळीनं लावलेले असतात, त्यांतला मधला तुमच्या वाट्याला आला तर कलाकारही घड्याळाकडे बघत असतात.

सेव्हिलची छोटी अंगणं आणि सभागृहं. कुना रस्त्यावरचं कासा दे ला मेमोरिया घ्या, किंवा नर्तकी क्रिस्तीना ओयोस यांनी उभारलेलं नृत्यसंग्रहालय. तासाभराचा कार्यक्रम, तीन-चार कलाकार, जेवण नाही. तिकीट साधारण वीस ते तीस युरोंच्या घरात. ऐकणारे बहुतेक सगळे पर्यटकच, हे आधीच सांगून ठेवतो. पण ते गप्प बसतात, आणि जागा इतकी लहान की गायकानं श्वास घेतलेलाही ऐकू येतो.

चौथी पेन्या, म्हणजे रसिकांचं मंडळ. गाण्याच्या वेडानं सभासदांनी चालवलेलं, एका कोपऱ्यात बार, भिंतीवर जुन्या गायकांचे फोटो. ग्रानादाच्या आल्बाइसिन वस्तीतली ला प्लातेरिया १९४९ ची. सेव्हिलला तोर्रेस माकारेना आहे. हेरेसला तर सांतियागो आणि सान मिगेल या दोन जुन्या गितानो वस्त्यांमध्ये नि आसपास कितीतरी. तिकीट स्वस्त, रसिक कडक. बाहेरच्यांना कार्यक्रमाच्या दिवशी बहुधा येऊ देतात, पण कार्यक्रम रोज नसतो आणि सुरू व्हायला रात्रीचे साडेनऊ-दहा होतात. जाहीर वेळेत अर्धा तास मिळवूनच धरा. उन्हाळ्यात यांतल्या बऱ्याच बंद असतात. ऑक्टोबरमध्ये पुन्हा जाग आलेली असते, ही तुमच्या पथ्यावर पडणारी गोष्ट.

यातलं कुठलं निवडावं हे तुमच्या वारांवर आणि आईंच्या गुडघ्यांवर अवलंबून आहे. शुक्रवार-शनिवार सेव्हिलमध्ये पडत असेल तर पेन्याची शक्यता. सोमवार ते बुधवारच असाल तर अंगणच बरं. एकच संध्याकाळ असेल तर मी डोळे झाकून सेव्हिलचं छोटं अंगण सांगतो. तिथे चांगलं होण्याची खात्री जास्त. दोन काढता आल्या तर दुसरी पेन्याला द्या. आणि हात सैल असेल तर सेव्हिलहून तास-सव्वा तासाच्या ट्रेननं दुपारी हेरेसला जा, तिथल्या एखाद्या ‘ताबांको’त बसा. पिंपातून शेरी देणारे हे जुने गुत्ते. एल पासाहे १९२५ पासूनचा. लाकडी चिमुकल्या मंचावर एक गाणारा, एक गिटार. शेजारचा आजोबा मुठीनं टेबलावर ताल धरून असतो. मला स्वतःला निवडायला सांगितलं तर मी हेच निवडीन, पण गर्दी, उभं राहणं आणि गोंगाट आईंना चालेल का ते तुम्हीच ठरवा.

आता टाळ्यांकडे येतो, कारण तुम्ही विचारलंत आणि मला यावर बोलायला आवडतं.

वाजवू नका.

पाल्मास हे वाद्य आहे. हाताचा खळगा करून वाजवलेली घुमी टाळी वेगळी, बोटं तळव्यावर मारून काढलेली कडक टाळी वेगळी; गाणं चालू असताना घुमी, पावलं रंगात आली की कडक. दोघे वाजवणारे असले तर एक ठोक्यावर आणि दुसरा बरोबर दोन ठोक्यांच्या मध्ये. याला वर्षं लागतात. आणि ताल दिसतो तेवढा सरळ नाही. सोलेआ, बुलेरिया, आलेग्रियास हे फ्लामेंकोतले गाण्याचे प्रकार सगळे बारा मात्रांचे. मी म्हटलं, एकताल! माझ्या हातातलाच की. पण एकताल दोन-दोनच्या सहा भागांत चालतो. यांचं वजन बारा, तीन, सहा, आठ, दहा या मात्रांवर. म्हणजे तीन-तीन-दोन-दोन-दोन. आणि सम? आपला कान एकीची वाट बघत बसतो, आणि सोलेआत ओळ येऊन टेकते दहावर. अकरा-बारा नुसता श्वास.

हे कळण्याआधीची गोष्ट. हेरेसच्या एका पेन्यात मी फाजील आत्मविश्वासानं हळूच टाळी धरली. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी गायकावरची नजर न हलवता आपला हात माझ्या दोन्ही हातांवर ठेवला, आणि गाणं संपेपर्यंत तो तिथेच राहू दिला. रागावले नाहीत. मध्यंतरात त्यांनीच मला फिनोचा, म्हणजे कोरड्या शेरीचा, ग्लास आणून दिला आणि टेबलावर बोटांनी बारा मात्रा मोजून दाखवल्या. त्या पाच मिनिटांत जे कळलं ते आठवड्याभराच्या शिकवणीत कळलं नव्हतं.

मग रसिकानं करायचं काय? दाद द्यायची. तोंडानं. ‘ओले’ ही आपल्या ‘क्या बात है’ची सख्खी बहीण (आईंना आधी सांगून ठेवा, नाहीतर त्या साडी सावरतील). जागाही तीच: ओळ संपली, गायक सुटला, नाचणारीनं तुकडा बांधून नेमका मारला, तिथे. आपल्याकडे तिहाई समेवर आली की मान आपोआप हलते ना, तसंच. ओळ चालू असताना, विशेषतः गायक नुसता ‘आय्’ धरून चढत असताना, मध्ये काहीही नको. पहिल्या अर्ध्या तासात गप्प राहून स्थानिक कुठे दाद देतात ते ऐका. आलीच तर आतून येईल. नाही आली तरी काही बिघडत नाही. शांतता हीसुद्धा तिथे मोठी दाद समजतात.

नाच बघताना माझी एक विनंती: पावलांकडे नंतर बघा. पहिल्यांदा गेलेला प्रत्येक जण पावलांकडेच बघतो, कारण तिथेच आवाज आणि धूळ. पण बाकीचे दोघे-तिघे कुणाकडे बघतायत ते बघा. नाचणारी एक ठसठशीत तुकडा मारून थबकते. तो ‘यामादा’, म्हणजे हाक. ती गायकाला सांगते, ये. गायक एक लेत्रा, म्हणजे कडवं, म्हणतो, ती हातांनी आणि पाठीच्या कण्यानं ऐकत राहते, फार तर ओळीच्या शेवटी पायानं पूर्णविराम देते. मग गाणं थांबतं आणि नुसत्या पावलांचा लांब भाग येतो, एस्कोबिया. गिटारवाला तिच्या पायांवर डोळे लावून असतो. कथकला लेहरा एका चालीत फिरत राहतो आणि नाचणारी त्यावर खेळते. इथे गिटारच तिच्या मागे धावतं. बरंच काही आधी ठरवलेलं नसतं. तालमीशिवाय, त्याच संध्याकाळी भेटलेले चौघे तास काढतात ते या खुणांच्या जोरावर. हे एकदा दिसलं की मग पावलं बघा, वेगळीच दिसतील.

भाषेची चिंता सोडा. लेत्रा म्हणजे तीन-चार ओळींचं छोटं कडवं, बहुतेक आठ अक्षरांच्या ओळी, आणि एका कडव्याचा पुढच्याशी संबंध असेलच असं नाही. आपली जात्यावरची ओवी आठवा. आई, तुरुंग, मरण, एखादी बाई, गल्लीतली गरिबी. गाणारा त्यातला एकेक शब्द इतका ताणतो, मोडतो की माद्रिदच्या माणसालाही सगळं कळत नाही. सेव्हिलच्या त्रियाना वस्तीतल्या लोहारांच्या भट्ट्यांशी नातं सांगणारं ‘मार्तिनेते’ तर गिटारीशिवायच गातात, कधी कधी ऐरणीच्या ठोक्यावर. ते तुमच्या रात्री निघालं तर आईंना काही समजावून सांगावं लागणार नाही. जायच्या आधी कानाची थोडी तयारी करायची असेल तर फार नको: कामारोन दे ला इस्लाचा आवाज आणि पाको दे लुसियाची गिटार, दोघांचं एकत्र काम मुबलक मिळतं. एक सोलेआ, एक बुलेरिया, एक आलेग्रियास ओळखू येईपर्यंत ऐका. आलेग्रियास ओळखणं सोपं, ती पुष्कळदा ‘तिरिति त्रान’ अशा बोलांनी उघडते. कादिसच्या समुद्राकडची आहे, स्वभावानं हसरी.

‘फ्लामेंको आपल्याच कथकमधून निघाला ना?’ हा प्रश्न प्रत्येक गटात कुणीतरी विचारतंच, तुम्हीही शेवटच्या ओळीत विचारलाय. गितानोंचे पूर्वज वायव्य भारताकडून निघाले हे भाषेवरून पक्कं आहे. पंधराव्या शतकात ते स्पेनला पोहोचले. त्यांच्या कालो बोलीत पाण्याला आजही ‘पान्यी’ म्हणतात, आणि प्रेम करणं याला ‘कामेलार’, त्यात आपला ‘काम’ आहे. पण फ्लामेंको हा आंदालुसियाच्या, म्हणजे दक्षिण स्पेनच्या, मातीत, तिथल्या लोकगीतांतून, कितीतरी जातीजमातींच्या सरमिसळीतून उगवला. लाकडी खोक्यासारखं दिसणारं ‘काहोन’ हे तालवाद्य तर पेरू देशाहून आलेलं, आणि तेही १९७० च्या दशकाच्या शेवटी पाको दे लुसियानं आणलेलं. चुलतबहिणी म्हणा हवं तर. आई-मुलगी म्हणून नाचणाऱ्याला सांगायला जाऊ नका, ते हसून ऐकून घेतात, पण हजारव्यांदा ऐकत असतात.

राहिल्या आई. संध्याकाळी सात-साडेसातचा पहिला खेळ घ्या. स्पेनमध्ये रात्रीचं जेवण साडेआठच्या आधी धड मिळत नाही, त्यामुळे आधी खेळ आणि मग जेवण हे वेळापत्रक आपोआप जमतं; पाच वाजता काहीतरी पोटात असू द्या. सेव्हिलला पालक-छोल्याची ‘एस्पिनाकास कोन गार्बान्सोस’ नावाची भाजी बऱ्याच ठिकाणी मिळते, ती आईंना आपलीच वाटेल. टोमॅटोचं गार सालमोरेहो मागवलंत तर ‘सिन हामोन’ असं आधीच सांगा, नाहीतर वर डुकराच्या मांसाचे तुकडे भुरभुरून येतात. ग्रानादाच्या गुहांकडे पायी चढू नका, टॅक्सी किंवा छोटी बस करा. गुहेत हवा कोंदट असते, दम्याचा त्रास असेल तर टाळाच.

तिकिटं इथूनच काढा. १२ ऑक्टोबर हा तिकडचा राष्ट्रीय सण, जोडून सुट्टी घेऊन सगळा स्पेन फिरायला निघतो आणि छोट्या जागा आधी भरतात. काढताना तीन गोष्टी लिहून विचारा: खुर्च्या किती, आवाजाला माइक आहे का, आणि गायक स्वतंत्र आहे ना. गायक नाही, नुसतं रेकॉर्डिंगवर नाच, असं उत्तर आलं तर पुढे बोलूच नका. खुर्च्यांना नंबर नसतील तर अर्धा तास आधी पोहोचा. मंच जमिनीलगत असेल तर दुसऱ्या रांगेच्या मागून पाय दिसत नाहीत. आणि अगदी पहिल्या रांगेत पावलांचा आवाज आईंच्या कानांना लागेल. श्रवणयंत्र असेल तर ते कमी करून ठेवायला सांगा. गायक आणि गिटार बहुधा मागे बसतात, त्यांच्या बाजूची दुसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची आईंना द्या. फोन पिशवीत. फोटो बऱ्याच ठिकाणी फक्त शेवटच्या ‘फिन दे फिएस्ता’त काढू देतात, तेव्हा सगळे मिळून बुलेरिया करतात आणि कधी कधी गायकच उठून चार पावलं नाचतो. ती चुकवू नका. जाड पोटाच्या, साठीच्या माणसाचा तो अर्ध्या मिनिटाचा नाच बघायला मी अजूनही तिकीट काढतो.